घरच्या पोहण्याच्या तलावाचे पाणी थंडीत कमी विजेत कसे कोमट ठेवावे?

प्रश्न

नाशिकला गंगापूर रस्त्याच्या बाजूला आमच्या बंगल्याच्या आवारात ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल, म्हणजे साधारण ४०,००० लिटरचा तलाव आहे. डिसेंबर-जानेवारीत सकाळी त्याचे पाणी २० अंशांवर येते आणि मुलांचे सोडाच, मीही पहिल्या पायरीवरून मागे फिरतो. आईला गुडघ्यांसाठी पाण्यात चालायला सांगितले असल्याने निदान २७ अंश तरी हवेत. एका विक्रेत्याने १८ किलोवॉटचा विजेचा हीटर सुचवला आहे, दुसऱ्याने हीट पंप. गच्चीवर अंघोळीसाठी २०० लिटरचा सोलर आहेच. त्याचेच पाणी तलावात सोडले तर भागेल का?

प्रतिसाद १

सोलरमधले ६० अंशांचे सगळे पाणी ओतले, तरी तलाव जेमतेम ०.२ अंशाने तापेल. तो अंघोळीलाच राहू द्या.

१ लिटर पाणी १ अंशाने तापवायला १ किलोकॅलरी लागते आणि विजेचे १ युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. त्यामुळे तुमचा तलाव १ अंशाने तापवायला सुमारे ४६ युनिटे आणि २० वरून २७ वर न्यायला सव्वातीनशे युनिटे उष्णता लागेल. साधा हीटर ही सगळी उष्णता मीटरमधून घेतो. हीट पंप मात्र बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो, त्यामुळे अनुकूल हवेत एका युनिटात चार-पाच युनिटांचे काम होते. हवा जितकी गार, तितका हा फायदा घटतो, आणि म्हणूनच पहाटे पंप लावणे मला चुकीचे वाटते. नाशिकला थंडीतही दुपार बऱ्यापैकी उबदार असते; तेव्हा १२ ते ४ या वेळेत तो चालवावा.

प्रतिसाद २

पंपाचा हिशोब बरोबर आहे, पण उघड्या तलावाची सर्वाधिक उष्णता बाष्पीभवनातून जाते, आणि ती थांबवल्याशिवाय यंत्र घेणे म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणे. १ लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी जातात. तुमच्या तलावाची पातळी ५ मिलिमीटर उतरली, तर १६० लिटर पाणी आणि सव्वादोन अंशांहून अधिक उष्णता गेली असे समजा. आधी फुगे असलेले प्लॅस्टिकचे कव्हर घ्या आणि फुग्यांची बाजू पाण्याकडे ठेवून ऊन उतरताच अंथरा. पोहण्यापूर्वी ते पूर्ण काढावे. अर्धवट कव्हराखाली मूल अडकू शकते.

पातळी गळतीने उतरत नाही ना, हेही पाहा. पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवा आणि आतल्या-बाहेरच्या पातळीवर खुणा करा. तलाव बादलीपेक्षा जास्त उतरला, तर गळती शोधावी लागेल.

प्रतिसाद ३

दक्षिणेकडे उघडे छत असेल, तर तलावासाठीच्या काळ्या प्लॅस्टिक नळ्यांच्या सोलर पॅनेलचाही विचार करावा. त्यांवर काच नसते, त्यामुळे ती स्वस्त पडतात आणि पाण्याला थोडीच ऊब हवी असल्याने पुरतात. मात्र तलावाच्या पृष्ठभागाच्या निम्म्यापासून तेवढ्याच क्षेत्रफळापर्यंत, म्हणजे तुमच्याकडे १६ ते ३२ चौरस मीटर जागा लागेल. रात्री त्यांतून पाणी फिरले, तर तापलेला तलाव उलट गार होतो, म्हणून वेळेवर बंद होणारी झडप हवीच.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. बादली ठेवून पाहिली; गळती नाही. टाइलवर पेन्सिलने रेघ मारली, तर उघड्या तलावाची पातळी २४ तासांत ५ मिलिमीटर उतरली. संध्याकाळी २४ अंश असलेले पाणी सकाळी २१.५ वर आले होते. उसने आणलेले कव्हर घातल्यावर, तितक्याच थंडीच्या रात्रीनंतर, ते २३ वर राहिले. छतावर झाडाची सावली असल्याने पॅनेलचा विचार सोडला आहे. कव्हर विकत घेतो आणि हीट पंपाची निवड पुढच्या महिन्यात करतो. त्याआधी मात्र गुंडाळायचा रूळ बसवणे भाग आहे, कारण ३२ चौरस मीटरचे ओले कव्हर एकट्याने ओढताना परवा मीच पाण्यात गेलो.