स्कॉटी मूरसारखं वाजवायचंय, नुसत्या इकोने भागत नाहीये

नवखी_तार:
एल्विसच्या सन रेकॉर्ड्स या कंपनीतल्या काळातलं, त्याचा गिटारवादक स्कॉटी मूर याचं वाजवणं बसवतोय. डिले पेडल (आवाज थोड्या वेळाने परत ऐकवणारं) घेतलं, तरी माझं सगळं सुटं-सुटं वाटतं. सुरुवातीला त्याच्या मागे तर ड्रमही नव्हते, मग ते इतकं भरीव कसं? आणि एवढा माणूस पुढे गेला कुठे? जाणकारांनी सांगावं.

अंगठेबहाद्दर:
आधी ते पेडल बंद करा! ५ जुलै १९५४ला मेम्फिसच्या त्या स्टुडिओत तिघंच होते. एल्विस साधी गिटार खडखडवत होता, बिल ब्लॅक डबल बासच्या तारा फळीवर आपटून ठोका देत होता. म्हणजे ड्रमरचं काम झालेलंच होतं. स्कॉटीने गाण्याच्या दोन ओळींमधली फट तेवढी भरायची, आणि गाणारा तोंड उघडायच्या आत बाजूला व्हायचं. नवीन पोरं नेमकं हेच करत नाहीत, सतत वाजवत सुटतात.

दुसरं म्हणजे अंगठा. गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिस आणि चेट अ‍ॅटकिन्सला ऐकून त्याचा हात तयार झालेला. थंबपिकने (अंगठ्यात घालायचं पिक) खालच्या, म्हणजे जाड तारांवर ठेका धरायचा, वर बोटांनी सूर काढायचे. गिटार होती गिब्सन ईएस-२९५, सोनेरी, आतून पोकळ.

इकोचं म्हणाल तर स्टुडिओत तो मालक सॅम फिलिप्स दुसऱ्या टेप मशीनवरून घ्यायचा. स्टेजवर तोच आवाज मिळावा म्हणून स्कॉटीने १९५५मध्ये रे बट्सकडून इकोसॉनिक अ‍ॅम्प घेतला, टेप-इको त्या पेटीतच बसवलेला. 'मिस्ट्री ट्रेन'मध्ये तो ऐकू येतो. तुमच्या पेडलवर १२० ते १४० मिलिसेकंद ठेवा, आवाज एकदाच परत आला पाहिजे. बहुतेकांचा तीन-चारदा येतो, मग चिखल होतो.

जुनी_तबकडी:
पुढे काय झालं ते सांगतो. सुरुवातीला कमाईचा अर्धा वाटा एल्विसचा, पाव-पाव स्कॉटी आणि बिलचा. एल्विसचा पहिला मॅनेजरही स्कॉटीच, बरं का! नंतर दोघं पगारी झाले: दौऱ्यावर आठवड्याला २०० डॉलर, घरी असले की १००. सप्टेंबर १९५७मध्ये दोघांनी राजीनामे दिले. नंतरच्या मॅनेजरवर, कर्नल पार्करवर, सगळं खापर फोडायची पद्धत आहे, पण एल्विसलाही हे पगार ठाऊक नसतील असं मला तरी वाटत नाही.

१९६४मध्ये स्वतःचा अल्बम काढला, तर सॅम फिलिप्सने आपल्या स्टुडिओतल्या नोकरीवरून काढून टाकलं. एल्विसच्या १९६८च्या टीव्ही कार्यक्रमानंतर त्याच्यासोबत स्कॉटीने पुन्हा वाजवलं नाही. नॅशव्हिलमध्ये साउंड इंजिनिअर म्हणून काम करत राहिला, गिटार कित्येक वर्षं जवळजवळ बंदच. २०००मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, साथीदारांच्या वर्गात. २०१६मध्ये गेला.

नवखी_तार:
पाव वाट्यावरून २०० डॉलर! बापरे. एक शंका, थंबपिक बोटात फिरतं माझ्या. साधं पिक धरून चालेल का?

अंगठेबहाद्दर:
चालेल. पिक अंगठा आणि तर्जनीत धरा, वरचे सूर मधल्या बोटाने आणि अनामिकेने काढा. तळव्याची कड ब्रिजजवळ खालच्या तारांवर हलकी टेकवा, म्हणजे त्या घुमणार नाहीत. आधी नुसता खालचा ठेका, दोन तारांवर आलटून-पालटून, गप्पा मारता मारता वाजवता येईपर्यंत. वरचे सूर त्यानंतर. आणि थंबपिक फिरत असेल तर एक नंबर लहान घ्या.