भाजावळ म्हणजे अडाणीपणा?

तरवेकर: काल इथे कुणी लिहिलं, "राब भाजणं हा कोकणचा निव्वळ अडाणीपणा, दरवर्षी खत धुरात घालवतात." राहवलं नाही म्हणून लिहितोय. राब भाजणं म्हणजेच भाजावळ: पेरणीआधी रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळणं. आम्ही अख्खं शिवार नाही पेटवत, तरव्यापुरते, म्हणजे भाताच्या रोपांपुरते, चार गुंठे भाजतो. खाली शेण, वर कवळं, म्हणजे झाडांच्या पानांसकट तोडलेल्या फांद्या, मग गवत-पातेरा (वाळका पाला), शेवटी मातीचा थर. आग वाऱ्याच्या विरुद्ध रांगत जाईल अशी लावायची, म्हणजे धुमसते, भडकत नाही. वरच्या थरातलं तणाचं बी मरतं. न भाजलेल्या वाफ्यात जूनमध्ये बसून बघा, भात कुठलं नि तण कुठलं ते कळत नाही. शिवाय आमची जांभी माती आंबट, तिला राख मानवते.

मातीवाला: ते मीच लिहिलं होतं. 'अडाणीपणा' शब्द मागे घेतो, मुद्दा नाही. नत्र राखेत राहत नाही, बहुतेक धुराबरोबर जातं. पालाश उरतो, पण तो पाण्यात विरघळतो आणि आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटर! तोच पातेरा वाळवी, बुरशी, गांडुळांनी कुजवला की अन्न मुळांना हळूहळू मिळतं. आणि चार गुंठ्यांसाठी कवळं किती डोंगरावरून आणता? ऐन-किंजळाची झाडं दरवर्षी बोडकी होतात. डोंगराचं खत खाचरात येतं नि तिथं जळतं. डोंगराला परत काय मिळतं?

काजूबाग: नत्र-पालाश राहू दे, आगीचं बोला. तीन वर्षांपूर्वी शेजारची भाजावळ गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, आमच्यात आली. वेंगुर्ला-४ या काजूच्या जातीची १४० कलमं गेली. दुसऱ्या दिवशी एका कलमाला हात लावला तर साल बोटांबरोबर सुटून आली. ठिबकच्या नळ्या वितळून दगडांना चिकटलेल्या. भरपाई मागायला गेले तर म्हणे, आग कुणी लावली ते सिद्ध करा.

तरवेकर: ताई, वाईट झालं. पण वणव्याचं खापर भाजावळीवर नको. शिकारीवाले लावतात, विडी टाकतात, गवत चांगलं फुटावं म्हणून पेटवतात. आम्ही पहाटे भाजतो, शेजारी पाण्याच्या कळशा ठेवून.

काजूबाग: दुपारी दोनला पेटवलेली! मी डोळ्यांनी पाहिली. माझी बाग जळलेली असताना मला शिकवू नका.

सडेकर: वणवा कुणाचाही असो, सडा, म्हणजे डोंगरावरचं कातळाचं पठार, जळतोच. एप्रिलमध्ये टिटवीची चार अंडी काळी पडलेली पाहिली, ती वर घिरट्या घालत ओरडत होती. गवत गेलं की नाकतोडे जातात, मग सरडे, मग त्यांच्यावर जगणारे पक्षी. आमच्या सड्यावर कापशी घार दोन वर्षं दिसली नाही.

मातीवाला: म्हणूनच म्हणतो, भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीसारखी भाताच्या तुसाची राख तरव्याला घाला. तिच्यातल्या सिलिकानं रोप ताठ राहतं. बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला चिखलणीआधी खाचरात गाडा.

तरवेकर: गिरिपुष्प बांधावर आहे, पाला गाडतोही. तेवढं तुमचं खरं. पण बेणणीला, तण काढायला, माणूस कुठून आणू? घरात मी आणि सत्तरीची आई. तरी यंदा एक वाफा न भाजता करतो. तण माजलं तर इथेच फोटो टाकीन, तेव्हा उत्तर द्या.

काजूबाग: बाकीचे वाफे भाजायच्या आदल्या दिवशी शेजाऱ्यांना फोन करा.

तरवेकर: करतो. आणि गडग्यालगतचं गवत आधी कापून घेतो, दोन हात रुंद.

काजूबाग: दोन नाही, दहा.