‘जसा’ आला की उपमा झाली का?

प्रश्न : मुलीला अलंकार शिकवताना अडलोय. उपमा ओळखायची खूण म्हणून सम, समान, सारखा, जसा, परी, जणू असे शब्द तिने पाठ केलेत. पण बहिणाबाईंच्या ‘मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर’मध्ये यातला एकही नाही. मग ही उपमा की रूपक? आणि ‘पोरगा बापासारखा दिसतो’ यात ‘सारखा’ आहे, म्हणून ती उपमा का?

प्रतिसाद : रूपक. मन ढोरासारखं आहे असं बहिणाबाई म्हणतच नाहीत. मन हेच ढोर. एकदा ढोर म्हटलं की त्याला हाकलणंही आलं आणि हाकलूनही त्याचं ‘फिरी येतं पिकांवर’ हेही आलं. गंमत म्हणजे त्याच कवितेत अस्सल उपमाही आहे : ‘मन एवढं एवढं, जसा खाकसचा दाना’. खाकस म्हणजे खसखस. मन हे उपमेय (ज्याची तुलना करायची ते), दाणा हे उपमान (ज्याच्याशी तुलना करायची ते), एवढंसं असणं हा साधारणधर्म (दोघांतला समान गुण), ‘जसा’ हा साधर्म्यवाचक शब्द. चारही हजर, म्हणून पूर्णोपमा. ‘कमळासारखे डोळे’ म्हटलं तर डोळे कशाने कमळासारखे ते गाळलंय, ती लुप्तोपमा.

बापलेकाचं वाक्य मात्र साधी माहिती आहे. जुन्या साहित्यशास्त्रात यासाठी ठरलेलं उदाहरण आहे : ‘गवा गाईसारखा असतो.’ साम्य खरं, पण त्यात चमत्कृती, म्हणजे मनाला सुखावणारी कल्पकता, कुठाय? नुसता शब्द शोधून अलंकार ठरवायची सवय मुलीला लागू देऊ नका.

आणखी एक प्रतिसाद : यादीतला ‘जणू’ मला खटकतो. तो मुख्यतः उत्प्रेक्षेचा, म्हणजे उपमेय हे जणू उपमानच आहे अशी कल्पना करण्याचा. ‘मुख चंद्रासारखं’ ही उपमा, ‘मुख जणू चंद्रच’ ही उत्प्रेक्षा, ‘मुखचंद्र’ हे रूपक.

पहिलेच पुन्हा : ‘जणू’बद्दल मान्य. ‘मुखचंद्र’ मात्र इतका सरळ नाही. त्या समासाचा विग्रह ‘चंद्रासारखे मुख’ असाही होतो आणि ‘मुख हाच चंद्र’ असाही. निकाल क्रियापद देतं. ‘मुखचंद्र हसला’ म्हटलं तर हसणारं मुख, म्हणजे उपमा. ‘मुखचंद्र उगवला’ म्हटलं तर उगवणारा चंद्र, तिथे रूपक. परीक्षेत एवढं कुणी विचारत नाही, पण विचारायला हवं.

प्रश्नकर्ते : हे पटलं. जाता जाता, ‘अमृताहुनी गोड नाम तुझे देवा’ कशात बसवायचं? तुलना तर आहेच.

प्रतिसाद : व्यतिरेक. तिथे उपमेय उपमानाच्या वरचढ ठरतं. नामदेवांच्या त्या ओळीत नाम अमृताला मागे टाकतं. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात ‘परि अमृतातेंही पैजा जिंके’ म्हणत तेच काम मराठी बोल करतात. तुलनेचे शब्द इथे ‘-हून’, ‘-पेक्षा’ असे येतात किंवा ज्ञानेश्वरीतल्या ओवीसारखं पैज जिंकणारं क्रियापदच ते काम करतं.