अनुभव धागा : मार्वल व्हर्सेस कॅपकॉम – काय खेळलात, कुठे दुखलं, आता काय हवंय?

गोल्डन_वॉरमशीन :
मार्वल व्हर्सेस कॅपकॉम म्हणजे मार्वलच्या कॉमिक्समधली आणि कॅपकॉमच्या गेमांमधली पात्रं एकमेकांशी लढवणाऱ्या फायटिंग गेमांची मालिका. परवा बहिणीकडे गेलो होतो. आतल्या खोलीतून दुसऱ्या भागातलं, पात्रं निवडताना वाजणारं ते जॅझ गाणं ऐकू आलं आणि हातातला चहा तसाच राहिला. भाचा २०२४ मध्ये आलेला जुन्या गेमांचा संच खेळत होता. चिल्ड्रन ऑफ द ॲटमपासून (१९९४) मार्वल व्हर्सेस कॅपकॉम २ पर्यंत (२०००) सहा फायटिंग गेम, शिवाय पनिशर. जेवायची हाक येईपर्यंत उठलो नाही.

आमच्या नाशिकरोडच्या व्हिडिओगेम पार्लरमध्ये १९९८ चा पहिला भाग होता. रुपयाचं नाणं मशीनवर ठेवलं की पुढचा नंबर आपला. मार्वलचा वुल्व्हरिन आणि कॅपकॉमचा रियू एकाच बाजूने लढतात हे पाहून आम्ही पोरं वेडी झालो होतो. आणि २०१७ च्या इन्फिनिट या भागात वुल्व्हरिन नाही, स्टॉर्म नाही, मॅग्नेटो नाही. मार्वलच्या एक्स-मेन गटातला एकही नाही! जी मालिका एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटरमधून (१९९६) उभी राहिली, तिच्यात. मला ते आजही पटलेलं नाही. त्यानंतर नवा भाग आलेलाच नाही. लिहा आपापलं.

माई_कोथरूड :
मुलगा खेळायचा तेव्हा मी बाजूला भाजी निवडत बसायचे. ते हिरवं, ऑक्टोपससारखं, एका डोळ्याचं कोण? मला तेच आवडायचं.

सातारी_शोर्यूकेन :
माई, शुमा-गोराथ! 😄 आमचाही ऑक्टोपसच तो.
आमच्याकडे पार्लर नव्हतं, सायबर कॅफे होता. एमुलेटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवर आर्केड गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर, दोघांत एक कीबोर्ड. चार-पाच बटणं एकदम दाबली की कीबोर्ड गप्प, मग भांडणं. शेवटी नियम केला : एकाचा हायपर कॉम्बो (मोठा खास हल्ला) चालू असताना दुसऱ्याने बोटं वर घ्यायची. तो भिडू आता पोलीस खात्यात आहे, भेटलो की अजून बोटं वर करून दाखवतो.

प्राजक्ता_म :
वाचतेय. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

डोंबिवली_फास्ट_हँड्स :
प्लेस्टेशन १ वर पहिला भाग कुणी खेळलंय का? सीडी आणली, अख्खी चाळ गोळा केली, आणि लढाईच्या मध्ये जोडीदार बदलताच येईना. सगळ्यांना वाटलं सीडी खराब. फार नंतर वाचनात आलं की त्या मशीनची मेमरीच पुरत नव्हती, म्हणून अदलाबदल काढून टाकली होती. सेगाच्या ड्रीमकास्ट मशीनवर व्यवस्थित होती. पण ड्रीमकास्ट आमच्यात कुणाकडे?

काकासाहेब_गेमर :
मुस्तफा आहे का त्या संचात?

गोल्डन_वॉरमशीन :
नाही काका, मुस्तफावाला कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स नाही. पण १९९३ चा पनिशर आहे, त्याच धाटणीचा, दोघांनी मिळून मारत पुढे जायचं. तुम्हाला आवडेल.

काकासाहेब_गेमर :
मुस्तफा पाहिजे होता 😔

मॅग्नेटो_फॅन_पुणे :
मला सर्वात जास्त लागलं ते एक्स-मेन नसणं नाही, त्यावर मिळालेलं उत्तर. २०१७ मध्ये गेमच्या टीममधल्या एकाने मुलाखतीत समजावलं की पात्रं म्हणजे शेवटी फंक्शन्स. मॅग्नेटो लोकांना आवडतो तो आठ दिशांना झेपावतो म्हणून, आणि ते काम नोव्हाही करतो. अरे! मी मॅग्नेटो घ्यायचो कारण तो मॅग्नेटो आहे. त्याची केप, त्याचा आवाज, त्याची ती छळछावणीतून आलेली कहाणी. झेपावणं नंतर.
आणि गेम आल्यावर तीनच महिन्यांनी, डिसेंबर २०१७ मध्ये, मार्वलची मालक डिस्ने ही एक्स-मेनच्या सिनेमांचे हक्क असलेली फॉक्स विकत घेणार हे जाहीर झालं. थोडं थांबले असते तर?

टॅग_कधीही :
राग समजतो, पण एक बाजू मांडू द्या. इन्फिनिट खेळायला फार सुंदर आहे. दोन विरुद्ध दोन, जोडीदार कॉम्बोच्या मधोमध केव्हाही बोलवा, सहा इन्फिनिटी स्टोन्समधला एक घ्या. मी तो रोज खेळलो. फसला तो दिसण्यात. चुन-लीचा चेहरा पाहून तर लोकांनी ट्रेलरलाच डोक्याला हात लावला. २०१८ च्या इव्होत, म्हणजे फायटिंग गेमांच्या मोठ्या स्पर्धेत, त्याला मुख्य गेमांमध्ये जागा मिळाली नाही तेव्हा वाईट वाटलं.
चाहत्यांनीच डिसेंबर २०२४ मध्ये ‘इन्फिनिट अँड बियाँड’ हा मॉड, म्हणजे गेममध्ये स्वतः केलेला बदल, काढला, कॉमिकसारखे रंग दिले. एकदा बघा, मग बोलू.

मॅग्नेटो_फॅन_पुणे :
मॉड पाहिलाय. हेच तर म्हणतोय, चाहत्यांना जमतं.

प्राजक्ता_म :
आले. मी तिसऱ्या भागाची. फेब्रुवारी २०११ ला तो आला, कित्येक महिने दादाला आठवण करून देऊन राखीची भेट म्हणून घेतला, आणि नोव्हेंबरात त्याचीच वाढीव आवृत्ती, अल्टिमेट! आमच्या गेममध्ये नसलेलं व्हर्जिल हे पात्र त्यात. दादा म्हणाला, आता पुढची राखी. २०१३ ची इव्हो फायनल आम्ही दोघांनी सोमवारी सकाळी कॉलेज बुडवून पाहिली. झीरो हे पात्र घेऊन खेळणारा फ्लॉकर आणि समोर जस्टिन वाँग. मी इतकी ओरडले की खालच्या काकू वर आल्या. फ्लॉकर जिंकला. दादा आता मेलबर्नला असतो.
त्याच डिसेंबरात दुसरा आणि तिसरा भाग डिजिटल दुकानांतून काढले. ज्यांनी घेतला नव्हता त्यांना दार बंद. गेम असा गायब होऊ शकतो हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं आणि फार भीती वाटली.

सातारी_शोर्यूकेन :
ताई +१. म्हणून तो २०२४ चा संच आला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. नोरिमारोसुद्धा आहे! १९९७ च्या मार्वल सुपर हिरोज व्हर्सेस स्ट्रीट फायटरमध्ये हा शाळकरी पोशाखातला घाबरट फक्त जपानी आवृत्तीत होता.

डोंबिवली_फास्ट_हँड्स :
आशेचं बोला कुणीतरी. टोकोन कसा वाटतोय? मार्वल टोकोन, जून २०२५ ला जाहीर झालेला. आर्क सिस्टम वर्क्स करतंय, चार विरुद्ध चार. त्यात स्टॉर्म आहे, मिस मार्वल आहे.

मॅग्नेटो_फॅन_पुणे :
देखणा आहे. पण त्यात समोर कॅपकॉमचं कुणीच नाही : रियू नाही, मोरिगन नाही, स्ट्रायडर नाही. ‘व्हर्सेस’मधली एक बाजूच नाही. मला चौथा भाग हवा आहे, हाताने काढलेल्या चित्रांसारखा, तीन विरुद्ध तीन.

टॅग_कधीही :
आणि टॅग, म्हणजे जोडीदाराची अदलाबदल, कधीही!

मॅग्नेटो_फॅन_पुणे :
बरं, तेवढं इन्फिनिटकडून घेऊ.

प्राजक्ता_म :
एक विचारायचंय. संचात ऑनलाइन आहे ना? पुणे ते मेलबर्न चालेल का?

गोल्डन_वॉरमशीन :
रोलबॅक आहे, म्हणजे बटण दाबल्यावर वाट बघावी लागत नाही. पण अंतर फार आहे, मधूनमधून चित्र उडी मारेल. इथल्या इथे मस्त चालतं. शनिवारी आम्ही काही जण दुसरा भाग लावतोय, रात्री दहानंतर, पोरं झोपली की. दादालाही सांगा, बघू जमतं का.

प्राजक्ता_म :
त्याच्याकडे तेव्हा पहाट असेल. उठेल तो. सेंटिनेल, तो धिप्पाड रोबो, घेतो, आधीच सांगते.

सातारी_शोर्यूकेन :
सेंटिनेल नको ना 😭