क्रम ठरवणारा एकच माणूस हवा

इमारतीच्या कामांच्या या चर्चेत वर कुणीतरी सुचवलंय की सोसायटीने आधी सोलर बसवावं, वॉटरप्रूफिंग आणि रंगाचं नंतर बघू, म्हणजे वेगवेगळे ठेकेदार स्वस्तात मिळतील. मला हे अजिबात पटत नाही. पॅनलचे स्टँड एकदा स्लॅबवर ठोकले की खालची गळती काढायला तेच उचलावे लागतात. मग प्लंबर म्हणतो सोलरवाल्याने भोकं पाडली, सोलरवाला म्हणतो स्लॅबच जुना.

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो आणि वरच्या मजल्यावर रात्रीसुद्धा स्लॅब आग ओकत असतो. म्हणून आधी गळती, मग गच्चीवर उष्णता परतवणारा पांढरा थर, पश्चिमेच्या खिडक्यांना छज्जे, नंतर पंखे (साधा पंखा साधारण ७५ वॅट घेतो, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा पंखा ३० च्या आसपास). एवढं झाल्यावर वीज किती लागते ते बघा आणि त्या हिशोबाने सोलर घ्या. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत सोलरसाठी घरटी अनुदान ३ किलोवॅटला जास्तीत जास्त ७८,००० रुपये आहे. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी अनुदानाचे दर वेगळे.

हा सगळा क्रम एकाच्याच हातात हवा. आयर्लंडमध्ये २०२२ पासून सरकारी नोंदणी असलेल्या कंपन्या घराची तपासणी, अनुदानाचा अर्ज, ठेकेदार आणि शेवटची ऊर्जा-श्रेणी (घर किती ऊर्जा खातं त्याचा दर्जा) हे सगळं एकाच छताखाली बघतात. आपल्याकडे तशी कंपनी शोधत बसण्यापेक्षा एखादा स्थानिक सिव्हिल इंजिनिअर फी देऊन नेमा. फक्त तो कुठल्याही ठेकेदाराकडून कमिशन घेणारा नको, आणि ठेकेदाराचं एकही बिल त्याच्या सहीशिवाय द्यायचं नाही, हे सर्वसाधारण सभेतच ठरवून घ्या.