प्रतिसाद: ब्रिस्टल विसरू नका

वर कोणीतरी म्हटलंय की ब्रिटिश टीव्ही-फिल्म म्हणजे फक्त लंडन. अजिबात पटलं नाही. इंग्लंडच्या नैऋत्येचं ब्रिस्टल शहर घ्या ना. बीबीसीचं नॅचरल हिस्टरी युनिट, म्हणजे निसर्गावरचे कार्यक्रम बनवणारा विभाग, १९५७ पासून तिथेच आहे, निवेदक डेव्हिड अ‍ॅटनबरोंच्या आवाजात आपण जे प्राणी-पक्षी बघत मोठे झालो त्यातलं कितीतरी काम तिथलंच.

आणि आर्डमन, मातीच्या बाहुल्यांच्या अ‍ॅनिमेशन फिल्म करणारा स्टुडिओ! त्याचे संस्थापक पीटर लॉर्ड आणि डेव्हिड स्प्रॉक्स्टन, शाळेपासूनचे दोस्त, १९७६ मध्ये ब्रिस्टलला आले आणि तिथेच राहिले. मातीचा बाहुला हाताने इवलासा हलवायचा, फोटो काढायचा, परत हलवायचा, एका सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे अख्खा दिवस राबून हातात येतात दोनेक सेकंद. नीट बघितलं तर मातीवर बोटांचे ठसेसुद्धा दिसतात, मला तर तेच सगळ्यात आवडतं. २०१८ मध्ये तर त्यांनी कंपनीचा ७५ टक्के हिस्सा कर्मचाऱ्यांच्या ट्रस्टकडे दिला, बाहेरच्या कोणाला विकून टाकली नाही, याचं मला फार कौतुक वाटतं.

बॉटल यार्ड पण आहेच, वाइन बाटल्यांत भरायचा जुना कारखाना होता, २०१० मध्ये सिटी कौन्सिलने तिथे स्टुडिओ सुरू केला.