नाळेच्या रक्तात पीएच ७.०८, तासाभराने टाचेच्या रक्तात ७.३१ : चुकीचा अहवाल कोणता?

प्रश्न (परिचारिका, नवजात अतिदक्षता कक्ष):
काल प्रसूतीच्या अखेरीस बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावले, म्हणून जन्मताच नाळेला दोन्हीकडे चिमटे लावून धमनीतील रक्त तपासणीस पाठवले. पीएच (हा आकडा जितका कमी, तितके रक्त अधिक आम्ल) ७.०८, कार्बन डायऑक्साइडचा दाब ७८ आणि बेस डेफिसिट (लॅक्टिक आम्लासारखी आम्ले रक्तात किती साचली, हे दाखवणारा आकडा) ६ आले. बाळ मात्र लगेच रडले. तासाभराने टाचेतून घेतलेल्या रक्तात हेच आकडे ७.३१, ४४ आणि ४ असे होते. दोन्ही कागद हातात घेऊन वडिलांनी विचारले, "ताई, यातला खरा कोणता?" मला नीट सांगता आले नाही, याची रुखरुख आहे.

उत्तर (बालरोगतज्ज्ञ):
ताई, माझ्या मते दोन्ही खरे आहेत. नाळ दाबली गेली की बाळाचा कार्बन डायऑक्साइड वारेपर्यंत पोहोचत नाही व काही मिनिटांतच साठून पीएच उतरवतो. जन्मानंतर फुफ्फुसे उघडली की तो तितक्याच लवकर बाहेर पडतो. प्राणवायू बराच वेळ अपुरा पडला असता, तर लॅक्टिक आम्ल साचून बेस डेफिसिट वाढले असते, आणि ते इतक्या लवकर उतरत नाही. धमनीतील पीएच ७.० च्या खाली आणि बेस डेफिसिट १२ किंवा त्याहून अधिक असेल, तर मेंदूला इजा झाली असण्याची शक्यता गांभीर्याने तपासावी लागते. तेव्हाही बाळाचे स्नायू, हालचाल आणि दूध ओढणे पाहिल्याशिवाय केवळ कागदावरून निष्कर्ष काढू नये.

उत्तर (प्रयोगशाळा तंत्रज्ञ):
सरांशी सहमत आहे, पण नमुना धमनीचाच होता का, हे आधी पाहावे. वारेकडून शुद्ध रक्त शिरेतून बाळाकडे येते आणि बाळाचे रक्त दोन धमन्यांतून परत जाते. त्यामुळे बाळाची स्थिती धमनीतच कळते. त्या बारीक असल्याने सुई सहज शिरेत जाते. धमनी आणि शीर अशा दोन्हींचे नमुने पाठवावेत. त्यांच्या पीएचमध्ये ०.०२ इतकाही फरक नसेल, तर बहुधा दोन्ही एकाच रक्तवाहिनीतले असतात. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर कार्बन डायऑक्साइड कमी दिसतो आणि पीएच आहे त्यापेक्षा चांगला वाटतो. चिमटे लावलेला नाळेचा तुकडा खोलीच्या तापमानाला तासभर ठेवता येतो, म्हणून तो लगेच टाकू नये.

टाचेच्या नमुन्याबद्दल एवढेच, की टाच कोमट करून, न पिळता घेतलेल्या रक्तातील पीएच व कार्बन डायऑक्साइड बऱ्यापैकी विश्वासार्ह असतात, प्राणवायूचा आकडा मात्र धरू नये.

प्रश्नकर्ती:
शिरेचा नमुना आम्ही घेतलाच नव्हता आणि तुकडाही टाकून दिला होता. आता प्रत्येक सिरिंजवर रक्तवाहिनी आणि वेळ लिहीन. बाळ आज अंगावर नीट पीत आहे. वडिलांना दोन्ही आकड्यांचा अर्थ संध्याकाळी डॉक्टरांसमवेत समजावून सांगते.